जीनोम-दर्शकातील साहाय्य-सूची : उसाच्या जीनोमच्या आधारे एक विवेचन

१. विषयप्रवेश

जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी साधने अपरिहार्य झाली, त्यांत जीनोम-दर्शकाचा, म्हणजेच रूढ भाषेत ‘जीनोम ब्राउझर’चा, समावेश करावा लागेल. पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास सूक्ष्मदर्शक हाताळता येणे जितके आवश्यक मानले जाई, तितकेच आज जीवतंत्रविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जीनोम-दर्शक हाताळता येणे आवश्यक झाले आहे. तथापि या दोन साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली काचपट्टी कोणत्या झाडाची आहे, ती कोणी व केव्हा तयार केली, हे त्या पट्टीच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. जीनोम-दर्शकात उघडलेल्या नकाशास मात्र अशी चिठ्ठी पुष्कळदा नसते. पडद्यावर रंगीत पट्टे दिसतात, आकडे दिसतात. परंतु ते पट्टे कशाचे आणि ते आकडे कोठून मोजलेले, हे ज्याने तो दर्शक उभारला त्यासच ठाऊक असते.

ही उणीव भरून काढण्याची जागा प्रत्येक दर्शकात मुळातच ठेवलेली आहे. ती म्हणजे त्यातील साहाय्य-सूची किंवा ‘हेल्प मेनू’. प्रस्तुत लेखात ‘जेब्राउझ’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या दर्शकातील साहाय्य-सूचीत स्वतःची भर घालण्याची, म्हणजे त्यासाठी प्लगइन लिहिण्याची, पद्धत विशद करण्याचे योजिले आहे. विवेचन केवळ तांत्रिक राहू नये म्हणून उसाच्या जीनोमचे उदाहरण घेतले आहे. कोल्हापूरच्या वाचकास ऊस काही नवा नाही. पण उसाचा जीनोम वाचताना साहाय्यावाचून किती घोटाळे होऊ शकतात, हे पाहिले म्हणजे साहाय्य-सूची ही दर्शकाची केवळ शोभा नसून त्याचे अत्यावश्यक अंग आहे, हे ध्यानात येईल.

२. जीनोम-दर्शकाचे स्वरूप

कोणत्याही सजीवाचा जीनोम हा चार अक्षरांत लिहिलेला एक प्रदीर्घ लेख आहे, अशी उपमा नेहमी दिली जाते. मानवाच्या जीनोममध्ये अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. हा लेख छापून काढला तरी तो नुसता वाचून काहीच बोध होणार नाही. कारण जनुक कोठे सुरू होतो, कोठे संपतो, त्याच्या कोणत्या भागापासून प्रथिन बनते, निरनिराळ्या जातींत त्यात कोणते पाठभेद आढळतात, या गोष्टी मूळ अक्षरांत उघड दिसत नाहीत. त्या टीपांच्या रूपाने वेगळ्या नोंदवाव्या लागतात. दर्शकाचे काम एवढेच, की मूळ अक्षरांची रेघ वर ठेवून तिच्या खाली या सर्व टीपा आपापल्या स्थानी पट्ट्यांच्या रूपाने मांडावयाच्या आणि वाचणाऱ्यास हवा तो भाग लहान किंवा मोठा करून दाखवावयाचा.

या साधनांचा इतिहास फार जुना नाही. मानवी जीनोमचा पहिला मसुदा इ. स. २००० मध्ये लोकांसमोर आला आणि त्यापाठोपाठ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेने आपला दर्शक प्रसिद्ध केला. त्याचे शास्त्रीय वर्णन २००२ मध्ये छापले गेले. त्याच वर्षी ‘जीब्राउझ’ या दुसऱ्या दर्शकाचेही वर्णन प्रसिद्ध झाले. ज्या प्रयोगशाळांना स्वतःच्या सजीवाचा जीनोम स्वतःच्या यंत्रावर मांडावयाचा होता, त्यांना जीब्राउझ विशेष सोयीचा वाटला. तथापि त्यात प्रत्येक चित्र दूरच्या मुख्य यंत्रावर तयार होऊन मग वाचकाकडे येत असे. त्यामुळे पान पालटावयास वेळ लागे. ही अडचण दूर करण्यासाठी बर्कली येथे इयान होम्स यांच्या प्रयोगशाळेत जेब्राउझची निर्मिती झाली व २००९ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यात चित्र काढण्याचे काम वाचकाच्याच यंत्रावर होते. मुख्य यंत्र फक्त माहिती पुरविते. पुढे या साधनाची दुसरी आवृत्ती नव्या पायावर संपूर्णपणे पुन्हा लिहिण्यात आली. तिचे सविस्तर वर्णन २०२३ मध्ये छापले गेले. पहिल्या आवृत्तीचा नवा विकास आता थांबला असला, तरी अनेक संस्थांचे दर्शक तिच्यावरच उभे आहेत. म्हणून या लेखात दोन्ही आवृत्तींचा विचार करणे इष्ट ठरेल.

३. उसाचा जीनोम वाचताना येणाऱ्या अडचणी

आज शेतात उभा असलेला ऊस हा शुद्ध एका जातीचा नाही. कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस-पैदास केंद्राची स्थापना झाली. तेथे बार्बर व वेंकटरामन यांनी गोड, जाड ऊस आणि काटक, बारीक असा वन्य ऊस यांचा संकर घडवून ‘को. २०५’ हे वाण तयार केले; ते १९१८ मध्ये लागवडीसाठी देण्यात आले. त्यानंतरच्या वाणांची वंशावळ बहुतांशी अशाच संकरांतून वाढली आहे. आपल्या भागात सर्वपरिचित असलेले ‘को. ८६०३२’ हे वाणही त्याच केंद्राच्या परंपरेतले आहे, हे त्याच्या नावातील ‘को.’ या अक्षरावरून कळते.

या संकरामुळे उसाचा जीनोम फार गुंतागुंतीचा झाला. मनुष्याच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. गोड उसाच्या मूळ जातीत आठ प्रती, म्हणजे एकूण ८० गुणसूत्रे असतात. वन्य उसात ही संख्या ४० पासून १२८ पर्यंत बदलते. वन्य उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्यांत कोइमतूर येथे काम केलेल्या जानकी अम्माळ यांचे नाव अग्रभागी आहे. आजच्या लागवडीच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असून त्यांत दोन्ही पूर्वजांचा वाटा मिसळलेला असतो. एकाच जनुकाच्या आठ, दहा किंवा बारा प्रती, त्याही थोड्याथोड्या फरकाने, एकाच पेशीत नांदतात.

आता विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहू. उसाच्या जीनोमचे एकच नव्हे, तर अनेक नकाशे उपलब्ध आहेत. २०१८ मध्ये वन्य उसाच्या एका प्रकाराचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रेयुनियाँ बेटावर निपजलेल्या ‘आर ५७०’ या लागवडीच्या वाणाचाही एक नकाशा आला. पण त्यात अनेक प्रतींच्या ठिकाणी एकच प्रातिनिधिक प्रत घेतलेली होती व त्याची लांबी ३८ कोटी अक्षरांच्या आसपास होती. २०२४ मध्ये याच आर ५७० चा नवा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे बारा प्रतींमधील परस्परभिन्न असा सर्व अनुक्रम सामावलेला असून त्याची लांबी ८७० कोटी अक्षरांची आहे. वाण तेच, झाड तेच. परंतु एका नकाशाहून दुसरा नकाशा वीसपटीहून अधिक मोठा. पहिल्या नकाशातील स्थानांक दुसऱ्या नकाशात तसाच शोधावयास गेलेला विद्यार्थी भलत्याच जनुकाशी जाऊन पोहोचेल, हे निराळे सांगावयास नको.

याचे एक ठळक उदाहरण तांबेऱ्याचे आहे. तपकिरी तांबेरा हा उसाच्या पानांवरील रोग होय. आर ५७० मध्ये या रोगास दीर्घकाळ टिकणारा प्रतिकार आढळतो व त्यामागे एकच प्रभावी जनुक असावा, असे १९९६ मध्ये दाखवून देण्यात आले. ‘ब्रू १’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या स्थानाचा शोध पुढे कित्येक वर्षे चालला. परंतु जुन्या नकाशात नेमक्या त्या जागी एक खिंडार होते व ते किती मोठे आहे, हेही ठाऊक नव्हते. २०२४ च्या नकाशाने ते खिंडार भरून निघाले व प्रतिकारास कारणीभूत असण्याचा संभव असलेले जनुक सांगता आले. विशेष हे, की इतर जनुकांच्या अनेक प्रती असताना या स्थानाची एकच प्रत आर ५७० मध्ये आहे. आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीने जुना नकाशा उघडून ब्रू १ शोधला आणि तिला ते प्रतिकाराचे जनुक सापडले नाही. ‘जनुक नाही’ आणि ‘नकाशात ती जागाच नाही’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर तिला कोणी सांगावयाचे? दर्शक स्वतः ते सांगत नाही. ते सांगण्याची जागा साहाय्य-सूची हीच होय.

४. मुळातील साहाय्य आणि त्याची मर्यादा

जेब्राउझबरोबर मिळणारे साहाय्य वाईट नाही. पट्टा कसा सरकवावा, चित्र मोठे कसे करावे, शोधपेटीत काय लिहावे, या सर्व गोष्टी त्यात सांगितलेल्या असतात. परंतु हे साहाय्य यंत्राविषयीचे आहे, नकाशाविषयीचे नाही. ज्यांनी जेब्राउझ लिहिला, त्यांना आपण त्यात ऊस मांडणार आहोत की भात, जुना नकाशा घेणार आहोत की नवा, हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. म्हणून नकाशाविषयीचे साहाय्य ज्याने नकाशा मांडला त्यानेच लिहिले पाहिजे, हा या विषयातील मूळ सिद्धांत समजावा.

मग ते कोठे लिहावे? विभागात सामान्यतः आढळणारी पद्धत अशी, की दर्शक उभारणारा संशोधक-विद्यार्थी नवागतांना सर्व काही तोंडी सांगतो. एखादी छापील टिपणी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली जाते. परंतु पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षांनी जातो, संशोधक-विद्यार्थीही पदवी घेऊन जातो. दर्शक मात्र मागे राहतो. पाच वर्षांनी त्यातील हिरवा पट्टा कशाचा आणि तांबडा कशाचा, हे सांगणारा कोणी उरत नाही. कपाटातील टिपणी आणि पडद्यावरील नकाशा यांची ताटातूट झालेली असते. ज्ञान नकाशाबरोबरच राहावयाचे असेल, तर ते नकाशाच्याच आत असावयास हवे.

५. पहिली आवृत्ती : सोपा मार्ग आणि प्लगइनचा मार्ग

जेब्राउझच्या पहिल्या आवृत्तीत साहाय्य बदलण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कोणताही कार्यक्रम न लिहिता अवलंबिता येतो. दर्शकाच्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘क्विकहेल्प’ या नावाची नोंद करावी. तिच्यात एक शीर्षक द्यावे आणि मजकूर तेथेच लिहावा किंवा मजकूर असलेल्या स्वतंत्र पानाचा पत्ता द्यावा. असे केले म्हणजे साहाय्य-सूचीतील सर्वसाधारण साहाय्याच्या जागी आपला मजकूर उघडतो. याचप्रमाणे ‘अबाउट’ या नोंदीतही शीर्षक व वर्णन बदलता येते. ज्या विभागास एकच पान पुरेसे आहे, त्याने याच मार्गाने जावे. उगाच अधिक खटाटोप करू नये. मात्र या मार्गाने मूळ साहाय्य झाकले जाते, ही त्यातली उणीव आहे. पट्टा कसा सरकवावा हे सांगणारा मजकूर जातो आणि त्याच्या जागी आपला मजकूर येतो. दोन्ही हवे असल्यास दुसरा मार्ग स्वीकारावा लागतो.

दुसरा मार्ग प्लगइनचा. प्लगइन म्हणजे मूळ कार्यक्रमास धक्का न लावता त्यास बाहेरून जोडलेला भाग. मूळ फाइलमध्येच फेरफार केले तर काम तात्काळ होते. पण जेब्राउझची पुढची उपआवृत्ती बसविताच ते सर्व पुसले जाते. प्लगइन वेगळ्या फोल्डरमध्ये असल्याने तो सुरक्षित राहतो. मुख्य घराच्या भिंतीस हात न लावता बाजूस पडवी काढावी, तसे हे आहे.

प्लगइनची रचना पुढीलप्रमाणे असते. जेब्राउझच्या ‘प्लगइन्स’ या फोल्डरात आपल्या प्लगइनच्या नावाचा एक फोल्डर करावा, त्यात ‘जेएस’ नावाचा फोल्डर व त्याच्या आत ‘मेन’ ही जावास्क्रिप्टची फाइल असावी. या फाइलमध्ये जेब्राउझच्या मूळ ‘प्लगइन’ वर्गापासून आपला वर्ग निर्माण करावयाचा असतो. त्या वर्गाच्या रचनाकारास दर्शकाची वस्तू हाती मिळते. तिच्यावर ‘ॲडग्लोबलमेनूआयटेम’ हे कार्य बोलावून ‘हेल्प’ या सूचीत नवी नोंद घालता येते. नोंदीस दोन गोष्टी द्याव्या लागतात : पडद्यावर दिसणारे नाव आणि ती निवडल्यावर करावयाची कृती. कृती म्हणजे सामान्यतः एक लहान चौकट उघडून तिच्यात आपला मजकूर दाखविणे किंवा वेगळ्या पानावर नेणे. शेवटी ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये प्लगइनचे नाव नोंदवावे. ही सर्व नावे प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून लिहावी लागतात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

येथे नवशिक्याची तीन ठिकाणी फसगत होते. ती क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट काळाची. दर्शक उघडताना त्याची कामे ठरावीक टप्प्यांनी पार पडतात. प्लगइन आधी वाचले जातात आणि सूच्या नंतर रेखाटल्या जातात. आपली नोंद सूची रेखाटली जाण्यापूर्वी झाली पाहिजे. ती उशिरा झाली तर कोठेही चूक दाखविली जात नाही; नोंद यादीत असते, परंतु पडद्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. ‘हेल्प’ हे या ठिकाणी सूचीचे अंतर्गत नाव असून ते लहान अक्षरांत लिहावयाचे असते. त्यात एका अक्षराचा फरक झाला, तर नोंद अस्तित्वात नसलेल्या सूचीत जमा होते आणि तीही मुकाट्याने नाहीशी झाल्यासारखी वाटते.

तिसरी गोष्ट बांधणीची. १.१३ या उपआवृत्तीपासून जेब्राउझचे सर्व भाग एकत्र बांधून एक संच तयार केला जातो. म्हणून नुसता फोल्डर ठेवून भागत नाही. प्लगइनसह संपूर्ण दर्शकाची पुन्हा बांधणी करावी लागते. जुन्या उपआवृत्तीवर चालणारा प्लगइन नव्या उपआवृत्तीवर ‘चालत नाही’ अशी तक्रार ऐकू आली, तर प्रथम बांधणी केली आहे काय, हे पाहावे.

६. दुसरी आवृत्ती : रचनेतील फरक

दुसऱ्या आवृत्तीची अंतर्गत रचना सर्वस्वी निराळी आहे. म्हणून पहिल्या आवृत्तीचा प्लगइन तिच्यात चालत नाही. येथे प्लगइन हा एक वर्ग असून त्याची दोन मुख्य कार्ये असतात. ‘इन्स्टॉल’ या कार्यात नवे पट्टे, नवी दृश्ये यांसारखे घटक नोंदविले जातात. ‘कॉन्फिगर’ हे कार्य त्यानंतर, दर्शकाचा मूळ सांगाडा उभा राहिल्यावर, चालते. सूचीत भर घालावयाची ती याच दुसऱ्या कार्यात. तेथे मूळ सांगाड्यावरील ‘ॲपेंडटूमेनू’ हे कार्य बोलावून सूचीचे नाव आणि नवी नोंद द्यावयाची असते.

एक दक्षता येथे घ्यावी लागते. दुसरी आवृत्ती संपूर्ण दर्शक म्हणूनही वापरता येते आणि एखाद्या पानात बसविलेला लहान घटक म्हणूनही. या लहान घटकास वरची सूचीपट्टी नसते. म्हणून सूचीत भर घालण्यापूर्वी मूळ सांगाड्याजवळ सूची आहे की नाही, हे तपासून घेण्याची प्रथा आहे. ती न पाळल्यास लहान घटकात प्लगइन बसविताच दर्शक बंद पडण्याची भीती असते.

सूचीच्या नावाबाबत या आवृत्तीचे वर्तन पहिलीहून भिन्न आहे. दिलेल्या नावाची सूची सापडली नाही, तर दर्शक त्याच नावाची नवी सूची निर्माण करतो. म्हणजे ‘हेल्प’ या नावाच्या वर्णलेखनात चूक झाली, तर शेजारी शेजारी दोन सारख्या सूच्या दिसू लागतात. ही चूक असली तरी निदान ती डोळ्यांस दिसते. उलट, याच गुणाचा हेतुपुरस्सर उपयोगही करता येईल. ‘साहाय्य’ असे देवनागरी नाव दिले, तर मूळ ‘हेल्प’ तशीच राहून तिच्या जोडीला मराठी साहाय्याची स्वतंत्र सूची उभी राहते. यंत्राविषयीचे साहाय्य एकीकडे आणि नकाशाविषयीचे दुसरीकडे, अशी वाटणी आपोआप होते.

प्लगइन दर्शकास कळविण्याची पद्धतही सोपी झाली आहे. ‘कॉन्फिग’ फाइलमधील ‘प्लगइन्स’ या यादीत प्लगइनचे नाव आणि त्याच्या फाइलचा पत्ता दिला, की पुरे. संपूर्ण दर्शकाची पुन्हा बांधणी करावी लागत नाही. मात्र प्रचलित पद्धतीने बांधलेल्या फाइलमध्ये प्लगइनच्या नावाआधी ‘जेब्राउझप्लगइन’ असा उपसर्ग असावा लागतो, आणि यादीतील नाव उपसर्ग वगळून तंतोतंत तेच असावे लागते. प्लगइन सापडत नाही असा संदेश आल्यास दहांतील नऊ वेळा कारण येथेच असते, असे समजून आधी नाव पडताळावे. तसेच प्लगइन हा वाचकाच्या यंत्रावर चालणारा कार्यक्रम असल्याने तो परक्या पत्त्यावरून न घेता विभागाच्या स्वतःच्या यंत्रावर ठेवावा.

७. साहाय्यात काय असावे

प्लगइन लिहिणे हे एका दुपारचे काम आहे. त्याहून अवघड काम मजकुराचे. साहाय्य-सूची उघडणारा वाचक अडलेला असतो. त्यास निबंध नको असतो, उत्तर हवे असते. आमच्या मते पुढील पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विभागीय साहाय्यात असलीच पाहिजेत.

(अ) नकाशा कोणाचा? वाणाचे नाव, जुळणीचे नाव व वर्ष आणि ती कोठून घेतली. उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : अनेक प्रतींऐवजी एक प्रातिनिधिक प्रत घेतली आहे, की सर्व प्रती दाखविल्या आहेत. आर ५७० वरील संशोधनात भाग घेतलेल्या सिराद या फ्रेंच संस्थेचे उसाच्या जीनोमसंबंधी जे संकेतस्थळ आहे, तेथेही निरनिराळ्या नकाशांसाठी जेब्राउझचाच उपयोग केलेला आहे. तेथून माहिती घेऊन आपल्या यंत्रावर मांडणाऱ्याने कोणता नकाशा घेतला, हे लिहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

(आ) मोजणी कोठून? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्यापायी कित्येक प्रयोग वाया जातात. जीनोमच्या टीपा ज्या फाइलींत ठेवतात, त्यांत मोजणीच्या दोन परंपरा आहेत. ‘जीएफएफ’ या प्रकारात पहिले अक्षर १ धरतात आणि शेवटचे अक्षरही मोजणीत घेतात. ‘बेड’ या प्रकारात मोजणी ० पासून सुरू होते आणि शेवटचा आकडा मोजणीबाहेर असतो. एक उदाहरण घेऊ. ३०० अक्षरांचा एक तुकडा जीएफएफमध्ये ५००१ ते ५३०० असा लिहिला जाईल. तोच तुकडा बेडमध्ये ५००० ते ५३०० असा लिहिला जाईल. बेडमधील आकडे कोणी जीएफएफच्या रीतीने वाचले, तर तुकडा ३०१ अक्षरांचा होतो व त्याचा आरंभ एक अक्षर अलीकडे सरकतो. प्रथिनाचा संकेत तीन तीन अक्षरांनी वाचावयाचा असल्याने आरंभ एका अक्षराने चुकला, की पुढचा सर्व पाठ चुकतो. जेब्राउझ पडद्यावर १ पासूनची मोजणी दाखवितो. हे एक वाक्य साहाय्यात ठळकपणे लिहिलेले असावे.

(इ) पट्टे कशाचे? कोणता पट्टा प्रत्यक्ष प्रयोगातून आला आणि कोणता संगणकाने केवळ अनुमानिला, हा भेद स्पष्ट करावा. पडद्यावर दोन्ही सारख्याच ठसठशीत रेषांनी काढलेले असतात. त्यामुळे अनुमान हे सिद्ध सत्य म्हणून प्रबंधात उतरण्याचा धोका राहतो.

(ई) दिशा कोणती? अक्षरमालेच्या दोन्ही पदरांवर जनुक असतात. एका पदरावरील डावीकडून उजवीकडे, तर दुसऱ्यावरील उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असतात. दिशा दाखविणारे चिन्ह कोणते, हे सांगावे.

(उ) श्रेय कोणास द्यावे? नकाशा ज्यांनी तयार केला, त्यांचा उल्लेख प्रबंधात कसा करावा, याचा नमुना द्यावा. विद्यार्थी पुष्कळदा दर्शकाचा उल्लेख करतात आणि नकाशा तयार करणाऱ्यांस विसरतात. मोजपट्टीचे नाव घ्यावे आणि मोजलेल्या जमिनीचे नाव घेऊ नये, असा हा प्रकार होतो.

मजकूर तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याची एक साधी रीत आहे. दर्शक पूर्वी न पाहिलेल्या एका विद्यार्थ्यास एक प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, या नकाशात ब्रू १ चे स्थान आहे काय व असल्यास कोठे. कोणीही तोंडी मदत करू नये. तो जेथे अडेल, तेथे साहाय्यात उणीव आहे असे समजावे. अडलेल्या विद्यार्थ्यास दोष देणे सोपे असते. परंतु येथे परीक्षा त्याची नसून आपल्या मजकुराची असते.

८. मराठीत साहाय्य लिहिण्याचा प्रश्न

जीनोमशास्त्राची भाषा इंग्रजी आहे, प्रबंधही बहुधा इंग्रजीत लिहिले जातात. मग साहाय्य मराठीत कशासाठी, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्यास दोन उत्तरे देता येतील.

पहिले असे, की साहाय्य ही समजून घेण्याची जागा आहे. ग्रामीण भागातून आलेला, पदवीपर्यंत विज्ञान इंग्रजीत घोकलेला विद्यार्थी ‘शून्यापासूनची मोजणी’ हे दोन शब्द वाचून जे क्षणात ओळखतो, त्यास इंग्रजी परिच्छेदातून तेच कळावयास वेळ लागतो. संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, कारण पुढे त्याच वापरावयाच्या आहेत. पण त्यांचे स्पष्टीकरण मराठीत असावे.

दुसरे उत्तर या परिसराचे आहे. कोल्हापुरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. उसावर काम करणारे सहायक, क्षेत्राधिकारी व जिज्ञासू शेतकरी यांचा प्रयोगशाळांशी नित्य संबंध येतो. तांबेऱ्यास प्रतिकार करणारे वाण कसे ओळखतात, हे त्यांच्यापैकी कोणास पडद्यावर दाखवावयाचे झाले, तर पडद्यावरील निदान एक पान तरी त्यास वाचता आले पाहिजे.

तांत्रिक दृष्टीने यात कोणतीही मोठी अडचण नाही. मजकुराची फाइल ‘यूटीएफ-८’ या संकेतात जतन करावी आणि ती पुरविणाऱ्या यंत्रानेही तोच संकेत घोषित करावा, एवढी काळजी घेतली म्हणजे देवनागरी अक्षरे शुद्ध उमटतात. ती न घेतल्यास जोडाक्षरांच्या ठिकाणी निरर्थक चिन्हे दिसू लागतात. अंकांबाबत मात्र एक पथ्य पाळावे. स्पष्टीकरणात देवनागरी अंक चालतील. परंतु जो स्थानांक वाचक उचलून शोधपेटीत घालणार आहे, तो रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या अंकांतच द्यावा. शोधपेटीस ते अंक कळतात. देवनागरी अंक तेथे कळतील असा भरवसा धरू नये.

९. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. दर्शक हे साधन सर्वांचे आहे, पण नकाशा ज्याचा त्याचा आहे. म्हणून यंत्राचे साहाय्य यंत्र करणाऱ्याने लिहावे आणि नकाशाचे साहाय्य नकाशा मांडणाऱ्याने. एकच पान पुरत असेल तर पहिल्या आवृत्तीतील सोपा मार्ग घ्यावा. मूळ साहाय्य कायम ठेवून भर घालावयाची असेल तर प्लगइन लिहावा. आणि नव्याने आरंभ करणाऱ्याने दुसरी आवृत्तीच स्वीकारावी. नकाशाची जुळणी बदलली की त्याच दिवशी साहाय्याचा मजकूरही बदलावा. कालचा मजकूर आजच्या नकाशास चिकटवलेला राहिला, तर तो साहाय्य नसल्यापेक्षाही अधिक घातक ठरतो.

पदव्युत्तर प्रकल्पांत जे विद्यार्थी स्वतःचा दर्शक उभारतात, त्यांनी आपल्या कामाचा शेवटचा भाग म्हणून साहाय्य-सूची पूर्ण करावी, आणि मार्गदर्शकांनी ती पाहिल्यावाचून प्रकल्प पुरा झाला असे मानू नये, अशी सूचना करावीशी वाटते. उसाच्या शेतात पुढच्या हंगामाचे बेणे राखल्यावाचून शेतकरी तोड पुरी करीत नाही; विभागाच्या संशोधनातही मागून येणाऱ्यांसाठी एवढे बेणे राखणे अवघड नाही.